पंच्याण्णव नंबरचा जेट

थंडी पडली की माझे कान उगाचच जागे होतात. नाशिकच्या इतर माणसांना थंडी कळते ती पेपरातल्या पाऱ्याच्या आकड्यावरून, नाहीतर गंगापूर रोडला सकाळी फिरायला निघालेल्या माकडटोप्यांवरून. मला ती कळते आमच्या गल्लीतल्या दूधवाल्याच्या जुन्या गाडीवरून. आठवडाभरापूर्वीपर्यंत दुसऱ्या किकला सुरू होणारी ती गाडी एका सकाळी सहा-सात किका खाते, सुरू झाली तरी खोकत राहते, आणि दूधवाला चोक ओढून तिची मनधरणी करत उभा राहतो. कणीक मळता मळता माझा हात थांबतो. हवा जड झाली, आता हिला पेट्रोल जास्त लागणार, असं मी मनातल्या मनात म्हणते. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या, तिशी ओलांडलेल्या बाईने सकाळी सहा वाजता असला विचार करावा, याचं माझं मलाच हसू येतं.

ते हसू फार वेळ टिकत नाही. थंडी आणि कार्ब्युरेटर या दोन गोष्टी एकत्र आल्या की कानात एक जुना आवाज सुरू होतो. अकरा वर्षं झाली, एकही हिवाळा चुकलेला नाही.

हिवाळा म्हटलं की लोकांना हुरडा आठवतो, तिळगूळ आठवतो. मला आठवतात पेट्रोलने गार पडलेली बोटं. पेट्रोल हातावरून उडून जाताना बोटांतली ऊबही घेऊन जातं. आमचं गाव दिंडोरीच्या अलीकडे, घरची द्राक्षबाग, आणि बागेच्या वरच्या अंगाला पाट. पाटाच्या कडेने एक सरळ कच्ची वाट जाते. त्या वाटेवर सकाळी साडेसहाला मी उकिडवी बसलेली असायचे. मांडीवर फडकं, फडक्यावर उघडलेला कार्ब्युरेटर, बोटं अशी बधिर की स्क्रू हातात आहे की पडला ते डोळ्यांनी बघून ठरवायचं. खाली बागांमध्ये घड गारठू नयेत म्हणून शेकोट्या पेटवलेल्या असायच्या आणि त्यांचा धूर जमिनीलगत साचून राहायचा. त्या धुरातून सुनील गाडी घेऊन परत येताना आधी ऐकू यायचा आणि मग दिसायचा.

सुनील माझा धाकटा भाऊ. वयाने दोन वर्षांनी लहान आणि अकलेने दहा, असं मी तेव्हा त्याच्या तोंडावर म्हणायचे. मी एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होते, तो बी.कॉम. करतो असं घरी सांगून मातीवरच्या शर्यती खेळत होता. त्याची गाडी म्हणजे जुनी शंभर सीसीची टू-स्ट्रोक. दिवा, आरसे, मडगार्ड सगळं काढून टाकलेलं, मातीत पकड घेणारे बटन टायर चढवलेले. इंजिनला वेगळं तेल पुरवणारा पंपही काढून टाकलेला, कारण शर्यतवाले तेल पेट्रोलमध्येच मिसळतात. गाडी तो पळवायचा, तिचं खाणंपिणं मी बघायचे. आई शेजारणींना सांगायची, गाडीचं सगळं नंदाकडे आहे, म्हणून मला घोर नाही. तिने ते कौतुकाने म्हटलेलं असायचं. मला मात्र प्रत्येक वेळी खांद्यावर काहीतरी ठेवल्यासारखं व्हायचं.

हे काम माझ्याकडे आलं ते दिंडोरी नाक्याजवळच्या निवृत्ती मिस्तरींमुळे. त्यांच्या गॅरेजात बाईमाणूस कधी आलं नव्हतं. पहिल्या दिवशी त्यांनी सुनीलला विचारलं, बहिणीला कशाला उन्हात उभं केलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी माझी बोटं बघितली, प्रयोगशाळेतली माझी वही बघितली आणि स्टूल पुढे सरकवलं. कार्ब्युरेटरच्या पोटात हरभऱ्याएवढा पितळेचा एक तुकडा असतो, तोच जेट. त्याच्या मधोमध सुईच्या टोकाएवढं भोक, आणि गाडी पूर्ण जोरात पळताना इंजिनला मिळणारं पेट्रोल त्या भोकातून जातं. भोकाचा नंबर जेटवर कोरलेला असतो. नंबर मोठा असला की पेट्रोल जास्त, गाडी घुसमटते, धूर टाकते, रेंगाळते. नंबर लहान असला की गाडी हलकी होते, चपळ होते आणि आतून तापत जाते. फारच तापली तर पिस्टन फुगून सिलिंडरमध्ये अडकतो, इंजिन जाम होतं, आणि इंजिनबरोबर मागचं चाक जागच्या जागी थांबतं. वरचा माणूस मात्र थांबत नाही.

हे सगळं सांगून झाल्यावर मिस्तरींनी हात पुसले आणि एक वाक्य बोलले. "पेट्रोल कमी पडलेलं इंजिन लय गोड चालतं, ताई. मरायच्या आधी सगळ्यात गोड."

आजही वर्गात ज्वलन शिकवताना हवा आणि इंधनाचं प्रमाण फळ्यावर लिहिते तेव्हा हे वाक्य घशाशी येतं. मुलांना ते सांगावंसं वाटतं आणि सांगत नाही. सांगितलं तर पुढचं सगळं सांगावं लागेल, आणि ते अभ्यासक्रमात नाही.

मिस्तरींनी मला प्लग वाचायला शिकवला. गाडी सरळ वाटेवर जीव खाऊन पळवायची, तशीच पळत्यात बंद करायची, क्लच दाबून थांबायचं आणि तिथल्या तिथे प्लग काढून बघायचा. प्लगचं तोंड काळं, ओलसर असलं तर पेट्रोल जास्त. पांढरंफटक असलं तर कमी, म्हणजे धोका. दोन्हींच्या मधला, आमच्या घरच्या चहाचा रंग आला की बरोबर. तेलाच्या मापाबद्दल तर त्यांनी मला दोनदा बजावलं होतं. लोक इंजिन जपायचं म्हणून तेल जास्त ओततात, ते करू नकोस. जेटचं भोक आहे तेवढंच राहणार. त्यातून तेल जास्त गेलं की पेट्रोल तेवढं कमी जाणार, आणि इंजिन जास्तच तापणार. मी कॉलेजातून काठ फुटलेलं एक काचेचं मोजपात्र मागून आणलं आणि पेट्रोल-तेलाचं मिश्रण औषध बनवावं तसं बनवू लागले.

आमच्या घरात या मापाचा एकच विरोधक होता, आणि तो म्हणजे आबा, आमचे वडील. त्यांच्याकडे पाठीवर घ्यायचा फवारणी पंप होता, त्याचंही इंजिन टू-स्ट्रोकच. एका वर्षी ऐन भुरीच्या, वेलीवर पांढरी बुरशी धरते त्या दिवसांत गड्याने त्यात तेल न घालताच पेट्रोल भरलं आणि पंप भर बागेत जाम झाला. दुरुस्त होऊन येईपर्यंत चार दिवस गेले, तेवढ्यात भुरीने बागेचा एक कोपरा पांढरा करून टाकला. तेव्हापासून आबांनी पंपाला कुणाला हात लावू दिला नाही. एक झाकण तेल पुरतं तिथे ते दोन टाकायचे. पंप चुलीसारखा धूर ओकायचा, प्लग काजळायचा, तो मी दर आठवड्याला साफ करायचे आणि तोंडाने बडबडायचे. आबा ऐकून घ्यायचे आणि पुढच्या खेपेला पुन्हा दोन झाकणं टाकायचे. त्यांच्या बाजूने बघितलं तर त्यांचा पंप पुन्हा कधी जाम झाला नाही, हेही खरंच होतं.

जानेवारीच्या शेवटी शर्यत होती, पेठ रोडच्या अंगाला एका माळावर. पहिल्या तिघांत आला तर पुण्याच्या एका टीमचा माणूस सुनीलला गाडी देणार होता, चांगली, शर्यतीसाठीच बनवलेली. सुनीलने हे घरात कुणाला सांगितलं नव्हतं. मला सांगितलं तेव्हा तो नखं खात होता. मी त्याला नखं खाल्ल्याबद्दल ओरडले, कारण दुसरं काय बोलावं ते सुचलं नाही.

तो सगळा महिना माझा जीव टांगणीला लागलेला होता. अडचण अशी, की आम्ही जेट बसवायचो पहाटेच्या थंडीत आणि शर्यत होणार होती भर दुपारी. नाशिकची थंडी मोठी लबाड आहे. सकाळी बोटं वाकत नाहीत आणि दुपारी दोनला स्वेटर कमरेला बांधून फिरावं लागतं. थंड हवा जड, तिला पेट्रोल जास्त लागतं. ऊन चढलं की हवा विरळ होते आणि तेच पेट्रोल जास्त होतं. पाटावर सकाळी शंभर नंबरच्या जेटने सुरेख पळणारी गाडी दुपारी वळणातून निघताना घुसमटायची. मी वहीत वेळ, ऊन, नंबर, प्लगचा रंग सगळं लिहीत होते. वही भरत चालली होती आणि माझी खात्री काही होत नव्हती.

शर्यतीच्या दिवशी आबा आमच्याबरोबर आले. आयुष्यात पहिल्यांदाच. पांढरी टोपी, धुतलेलं धोतर, हातात नेहमीची कापडी पिशवी, आणि चेहऱ्यावर मुलीच्या सासरी आल्यासारखा अवघडलेपणा. टेम्पोतून गाडी उतरवताना कुणी आत्ताच आपल्याला खाली पाडेल अशा नजरेने ते त्या माळाकडे बघत होते. ट्रॅकवर टँकरने पाणी मारलं होतं, वळणांवर भुशाची पोती रचली होती. भोंग्यावरचा माणूस इतक्या जोरात बोलत होता की इंजिनं ऐकू येईनात, आणि मला तेवढंच तर ऐकायचं होतं.

सरावाच्या दोन फेऱ्या मारून सुनील आला. वळणातून गाडी उठत नाही म्हणाला. मलाही ते लांबून ऐकू आलं होतं. माझ्या डबीत पंच्याण्णव नंबरचा जेट होता. मिस्तरींनी आदल्या दिवशी सांगितलं होतं, शंभरच राहू दे, चौथा आला तरी चालेल, घरी चालत येईल. ते मी सुनीलला सांगितलं. तो म्हणाला, "ताई, चौथ्याला कोणी गाडी देत नाही." आणि तो गप्प राहिला. हट्ट केला असता तर मी नाही म्हटलं असतं. तो गप्प राहिला म्हणून मी पाना उचलला.

पंच्याण्णव बसवला. सुनीलने माळाच्या मागच्या वाटेवर गाडी पूर्ण पळवली, बंद केली, ढकलत आणली. गाडी आबांजवळ टेम्पोला टेकवून आम्ही दोघं प्लग घेऊन उन्हात गेलो, कारण रंग सावलीत फसवतो. चहात दूध जरा जास्त पडलं तर दिसेल तसा रंग होता. फिका, पण पांढरा नाही. काठावर, पण अलीकडे. मी बराच वेळ बघत राहिले. सुनील प्लगकडे बघत नव्हता, माझ्या तोंडाकडे बघत होता. शेवटी मी चालेल म्हटलं. तो माझा निर्णय होता आणि मी तो शुद्धीत घेतला होता.

सुरुवातीच्या रेषेवर आमच्या गाडीचा धूर मला जरा निळसर वाटला. दहा-बारा गाड्या एकत्र धूर टाकत होत्या, म्हणून मी ते मनावर घेतलं नाही. आबा माझ्या शेजारी दोराला धरून उभे होते. त्यांनी मला एकच विचारलं, पोराला तहान लागली असेल का.

पहिल्या तीन फेऱ्यांत सुनील सातव्यावरून तिसऱ्यावर आला. वळणातून गाडी अशी उठत होती की भोंग्यावरचा माणूसही आमचं नाव घ्यायला लागला. चौथ्या फेरीत तो बाभळींकडच्या लांब सरळ पट्ट्यात शिरला आणि मला तो आवाज ऐकू आला. इतका स्वच्छ, इतका बारीक आणि सुरेल आवाज त्या इंजिनाने कधी काढला नव्हता. शेजारची माणसं टाळ्या वाजवत होती. मी दोर ओलांडून पुढे धावले आणि ओरडले, थ्रॉटल सोड, सुन्या, सोड. ते त्याला ऐकू जाणार नाही हे मला धावतानाही कळत होतं. मग तो आवाज मधूनच तुटला. मागचं चाक थांबलं, गाडी आडवी झाली, आणि मागून येणाऱ्या दोन गाड्या धुळीत शिरल्या.

त्याच्या मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं होतं. सळई घातली, पुन्हा ऑपरेशन झालं, तरी तो पाय थोडा आखूड राहिला तो राहिलाच. दवाखान्यात तिसऱ्या दिवशी मी त्याला म्हटलं, जेट माझा चुकला. तो म्हणाला, मीच तर मागितला होता. पलंगाच्या पायथ्याशी आबा उभे होते. त्यांनी ते ऐकलं, काहीच बोलले नाहीत, खिडकीबाहेर बघत राहिले. मी त्या गप्प राहण्याचा एकच अर्थ लावला आणि तो मनात घेऊन जगले. गाडी उघडली तेव्हा पिस्टनवर उभे ओरखडे होते, नखाने ओढावेत तसे. निवृत्ती मिस्तरींनी जेट काढून माझ्या हातात दिला आणि दुसरीकडे बघितलं.

तो जेट अजून माझ्याकडे आहे, सुपारीच्या डबीत. लग्न झालं, नोकरी लागली, तीन घरं बदलली, डबी बरोबर आली. सुनील आता बाग बघतो, आणि चांगली बघतो. ट्रॅक्टरवर बसला की त्याचा पाय कुणाच्या लक्षातही येत नाही. वेलींच्या ओळीतून चालत येताना मात्र त्याचं एका बाजूला झुकणं मला लांबून दिसतं आणि मी दर वेळी काहीतरी निमित्त काढून दुसरीकडे बघते. त्यानंतर मी कुठल्याही इंजिनाला हात लावला नाही. स्कूटरचा प्लग बदलायचा झाला तरी मेकॅनिककडे जाते आणि तो चुकीचा पाना लावतो ते मुकाट्याने बघते.

परवाच्या रविवारी गावी गेले होते. पारा खूप उतरलेला, बागेत तोच धूर. आता फवारणी ट्रॅक्टरच्या ब्लोअरने होते, पण विहिरीकडच्या दोन तिरप्या ओळींत ट्रॅक्टर वळत नाही, तिथे आबांचा पाठीवरचा पंपच लागतो. पंप सुनीलने पाठीवर घ्यायचा होता, तो खाली ओळीत वाट बघत होता. आबा शेडमध्ये पंपाच्या टाकीत पेट्रोल भरत बसले होते. हात आता थरथरतात त्यांचे. मी नरसाळं धरायला बसले. त्यांनी एक झाकण तेल टाकलं आणि दुसरं भरायला घेतलं. मी सवयीने म्हटलं, "आबा, एकच पुरतं."

"असू दे. तेलानं कोणाचं वाईट होत नाय," ते म्हणाले. मग झाकण तसंच हातात धरून थांबले. "त्या दिवशी पण टाकलं होतं मी."

कोणत्या दिवशी, ते मी विचारलं नसतं तरी चाललं असतं. विचारलं.

"सुन्या पडला त्या दिवशी. तुम्ही दोघं प्लग घेऊन उन्हात गेले होते. माझ्या पिशवीत पंपाची बाटली होती. दोन झाकणं टाकली टाकीत आणि गाडी जरा हलवली, मिसळावं म्हणून." बोलताना त्यांची नजर टाकीवर होती. "डॉक्टर म्हणले होते, अजून जोरात असता तर हाती लागला नसता. तेलानं गाडी जड झाली, म्हणून तेवढ्यावर निभावलं. तुला विचारल्याबिगर हात लावला होता, म्हणून बोललो नाय. दवाखान्यात लय वेळा तोंडावर आलं होतं."

मी नरसाळ्याकडे बघत बसले. आधी राग आला, खोटं कशाला बोलू. असा राग आला की कानशिलं तापली. अकरा वर्षं मी त्यांच्या गप्प राहण्याला मला दिलेला दोष समजत होते आणि ते मला घाबरून गप्प होते. भोक तेवढंच, तेल जास्त, पेट्रोल कमी. काठावरच्या जेटला काठाच्या पलीकडे ढकलायला दोन झाकणं पुरेशी होती. निळसर धूर मी डोळ्यांनी बघितला होता. एवढ्या वर्षांत कुणीतरी येऊन माझ्या खांद्यावरचं काढून घ्यावं असं मला किती वाटलं होतं, आणि ते काढून घ्यायला आले ते आबा, हातात तेलाचं झाकण धरून.

मग राग उतरला आणि हिशोबाला बसले, तर तो जमेना. शंभरचा जेट राहू दिला असता तर दोन झाकणं तेल पचून गेलं असतं. तेल पडलं नसतं तर पंच्याण्णवही कदाचित तरून गेला असता. दोघांनीही एकाच पोराला जपायला आपापल्या समजुतीने हात घातला होता. कुणाचा हात किती, हे कुठल्याच प्लगवर वाचता येत नाही. फरक एवढाच, की मी अकरा वर्षं झोपताना तो आवाज ऐकत होते आणि आबा अकरा वर्षं झोपताना म्हणत होते की आपण पोराला वाचवलं.

"बरोबर ना गं?" आबांनी विचारलं. "तुला कळतं त्यातलं."

माझ्या तोंडात सगळं तयार होतं, प्रमाणासकट. खालून ओळीतून सुनीलने पंप आणा म्हणून हाक दिली.

"बरोबर आहे, आबा," मी म्हटलं. "तेल होतं म्हणून वाचला."

त्यांनी मान हलवली, खूप दिवसांचं काम उरकल्यासारखी. दुसरं झाकण काठोकाठ भरलं. हात हलत होता, म्हणून मी एका हाताने नरसाळं धरलं आणि दुसऱ्या हाताने त्यांचं मनगट.